भारतीय विद्यापीठ अधिनियम, १९०४

ब्रिटिश हिंदुस्थानातील कलकत्ता, मुंबई, मद्रास, पंजाब व अलाहाबाद या पाच विद्यापीठांची घटना, त्यांचे अधिकार आणि संलग्न महाविद्यालयांवरील त्यांचे नियंत्रण यांची पुनर्रचना करणारा कायदा (१९०४ चा अधिनियम क्र. ८). लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत (१८९९–१९०५) व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने तो २१ मार्च १९०४ रोजी संमत केला. अधिनियमाच्या इतिहासात महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे ते गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी त्याला केलेल्या विरोधास. डिसेंबर १९०३ पासून फेब्रुवारी १९०५ पर्यंत, विधेयकाच्या पहिल्या चर्चेपासून त्यातील उणीव झाकण्यासाठी आणलेल्या वैधीकरणाच्या विधेयकापर्यंत, त्यांनी विद्यापीठांच्या स्वायत्ततेची बाजू कायदेमंडळात एकसारखी लावून धरली. त्यांच्या सर्व प्रमुख उपसूचना फेटाळल्या गेल्या. तथापि विद्यापीठाचा कारभार कोणी पाहावा, या प्रश्नाची हिंदुस्थानातील पहिली सांगोपांग चर्चा या निमित्ताने झाली आणि पुढील अनेक विद्यापीठ कायद्यांत तोच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला.

पार्श्वभूमी : चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. पंजाब (१८८२) व अलाहाबाद (१८८७) ही त्यांच्यामागून आली. त्यांच्यापुढे नमुना होता तो तत्कालीन लंडन विद्यापीठाचा. अभ्यासक्रम आखणे, परीक्षा घेणे, पदव्या देणे आणि महाविद्यालयांना संलग्नता देणे एवढेच त्यांचे कार्य असे. प्रत्यक्ष अध्यापन महाविद्यालयांत चाले. विद्यापीठाची सर्वोच्च सत्ता अधिसभेकडे होती. तिच्या सभासदांना फेलो म्हणत. त्यांची नेमणूक सरकार करी व ती तहहयात असे. १८५७ च्या कायद्यांनी अधिसभेची किमान संख्या ठरविली होती, कमाल संख्या मात्र ठरविली नव्हती. परिणामी फेलोपद ही हळूहळू एक मानाची पदवी बनली. शिक्षणाशी संबंध नसलेले अधिकारी, व्यापारी व प्रतिष्ठित गृहस्थ यांची अधिसभेत भर पडत गेली. दैनंदिन कारभार पाहणाऱ्या कार्यकारी मंडळाला, म्हणजे सिंडिकेटला, मूळ कायद्यात स्थानच नव्हते. अध्यापकांना विद्यापीठाच्या कारभारात हक्काचे असे प्रतिनिधित्व नव्हते. या व्यवस्थेत दोष होते, हे सुधारणेचे पुरस्कर्ते व तिचे विरोधक दोघांनाही मान्य होते. त्यामुळे पुढील वादाचे वर्णन सुधारणावादी शासन विरुद्ध स्थितिवादी पदवीधर असे करणे, जसे काही इंग्रज लेखकांनी केले, ते वस्तुस्थितीला धरून होत नाही.

तथापि हीच अव्यवस्थित अधिसभा भारतीयांना सार्वजनिक कारभाराचा अनुभव देणाऱ्या थोड्या संस्थांपैकी एक होती. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे यांसारख्यांचा प्रभाव होता. तेलंग हे १८९२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ते पद भूषविले (१८९३–९५). विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून हद्दपार झालेल्या मराठीसारख्या देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे, म्हणून रानडे यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जे प्रयत्न केले, त्यांचे क्षेत्रही ही अधिसभाच होती. कायदेमंडळात लोकांचे प्रतिनिधी नाममात्र असताना विद्यापीठाच्या सभागृहात मात्र भारतीय व युरोपीय सभासद समान मताने बसत.

दुसरा बदल घडला तो महाविद्यालयांच्या क्षेत्रात. १८८२ च्या हंटर आयोगाने उच्च शिक्षणातून सरकारने क्रमशः अंग काढून घ्यावे व खाजगी प्रयत्नांना वाव द्यावा, अशी शिफारस केली होती. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी, रयतेच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, अशी तक्रार नोंदविली होती. विद्यापीठविषयक पुढील वादात दोन्ही बाजूंनी या तक्रारीकडे फारसे लक्ष दिले नाही. हंटर आयोगानंतर भारतीयांनी स्वतःच्या बळावर चालविलेली महाविद्यालये निघाली. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक प्रभृतींनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेत. गोखले हे त्यांपैकीच एक. दरमहा ७५ रुपये वेतनावर त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले, संस्थेसाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली आणि १९०२ मध्ये ते निवृत्त झाले. अशा महाविद्यालयांना युरोपीय प्राध्यापक, मोठ्या प्रयोगशाळा किंवा संपन्न ग्रंथालये परवडत नसत. विद्यापीठाने संलग्नतेच्या अटी कडक केल्या, तर पहिला आघात याच संस्थांवर होणार हे उघड होते.

सिमला परिषद व विद्यापीठ आयोग : सप्टेंबर १९०१ मध्ये कर्झन यांनी सिमला येथे शिक्षणविषयक परिषद भरविली. तीस प्रांतोप्रांतीचे शिक्षण संचालक व मिशनरी महाविद्यालयांचे प्रतिनिधी म्हणून मद्रासचे डॉ. विल्यम मिलर उपस्थित होते. भारतीय मात्र एकही नव्हता. परिषदेचे कामकाजही गुप्त ठेवण्यात आले. शिक्षणासारख्या विषयावर बंद दाराआड खलबते व्हावीत, याचा सुशिक्षित वर्गाने घेतलेला संशय पुढे विधेयकाच्या प्रत्येक कलमाला चिकटून राहिला. कर्झन यांच्या हेतूंविषयी मतभेद असू शकतील. परंतु ज्यांच्या सहकार्यावाचून योजना यशस्वी होणार नव्हती, त्यांनाच वगळून तिचा प्रारंभ करणे ही राजनीतीतील ढोबळ चूक होती, याबद्दल फारसे दुमत होऊ नये.

२७ जानेवारी १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील विधिसदस्य टॉमस रॅली यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमण्यात आला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. मॅकिकन हे त्याचे एक सदस्य होते. भारतीय सदस्य म्हणून प्रथम हैदराबादचे सय्यद हुसेन बिलग्रामी यांचीच नियुक्ती झाली. त्यावर टीका झाल्यानंतर कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांचा समावेश करण्यात आला. आयोगाने देशभर दौरा करून त्याच वर्षी जूनमध्ये अहवाल सादर केला. अधिसभांचा आकार मर्यादित करावा, सिंडिकेटला कायदेशीर स्थान द्यावे, संलग्नतेचे नियम कडक करावेत या शिफारशींबरोबरच महाविद्यालयीन शुल्काचा किमान दर विद्यापीठाने ठरवावा आणि दुय्यम दर्जाची महाविद्यालये क्रमशः बंद व्हावीत, अशाही सूचना त्यात होत्या. बॅनर्जी यांनी स्वतंत्र मतभेदपत्रिका जोडून शुल्कवाढीमुळे गरीब पण गुणी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची दारे बंद होतील, असा इशारा दिला.

अहवालाने देशभर असंतोष माजला. डिसेंबर १९०२ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी आपल्या भाषणाचा मोठा भाग याच विषयाला दिला. लोकमताच्या दडपणामुळे किमान शुल्क व दुय्यम महाविद्यालये यांविषयीच्या शिफारशी सरकारने तत्पूर्वीच बाजूस ठेवल्या होत्या. विरोधकांना प्रत्यक्षात मिळालेले यश एवढेच. आणि ते विधेयक कायदेमंडळात येण्याआधीचे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

विधेयक व गोखले यांचा प्रतिवाद : विधेयक २ नोव्हेंबर १९०३ रोजी सिमला येथे मांडण्यात आले आणि १८ डिसेंबर रोजी कलकत्त्यात ते प्रवर समितीकडे सोपविण्याच्या प्रस्तावावर चर्चा झाली. त्या वेळच्या कायदेमंडळाची रचना लक्षात घेतल्याशिवाय या चर्चेचे स्वरूप कळणार नाही. १८९२ च्या कायद्यान्वये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अधिकाऱ्यांचे बहुमत निश्चित होते. बिनसरकारी सदस्यांपैकी चौघे चार प्रांतिक कायदेमंडळांच्या शिफारशीने व एक कलकत्त्याच्या व्यापारी मंडळाच्या शिफारशीने येत असे. उरलेल्यांची नेमणूक व्हाइसरॉय स्वतः करीत. मतदानाचा निकाल आधीच ठरलेला असे. बोलणाऱ्याचे शब्द सभागृहाबाहेरच्या वाचकांसाठी आणि इतिवृत्तासाठी असत. मेहता यांनी सोडलेल्या जागेवर मुंबई प्रांताचे प्रतिनिधी म्हणून गोखले १९०२ मध्ये तेथे आले होते. मार्च १९०२ च्या अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणाने त्यांचा अभ्यास व संयम देशाच्या नजरेत भरला होता. विधेयकाच्या चर्चेच्या वेळी ते ३७ वर्षांचे होते. विधेयकाची चर्चा चालू असतानाच जानेवारी १९०४ मध्ये सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला. विरोध तीव्र असूनही त्यांच्याविषयीचा आदर किती होता, हे यावरून दिसते.

गोखले यांनी विधेयकाचे तीन भागांत पृथक्करण केले : विद्यापीठांच्या कार्याचा विस्तार, त्यांच्या घटनेतील बदल आणि संलग्न महाविद्यालयांवरील नियंत्रण. पहिल्या भागाला त्यांचा तत्त्वतः पाठिंबा होता. विद्यापीठांनी स्वतः प्राध्यापक नेमावेत, ग्रंथालये व प्रयोगशाळा उभाराव्यात, पदव्युत्तर अध्यापन करावे, ही कल्पना कोणालाही नाकारता येण्यासारखी नव्हती. प्रश्न पैशाचा होता. विधेयकात अधिकार दिला होता, निधी दिला नव्हता. परीक्षाशुल्कावर जगणारी विद्यापीठे अध्यापनाचा खर्च कोठून करणार? युरोपातील देश विद्यापीठांवर किती सढळपणे खर्च करतात, याचे दाखले देऊन त्यांनी सरकारचा हात आखडता असल्याचे दाखविले. हा मुद्दा मांडण्याचा अधिकार त्यांना विशेष होता. कारण लागोपाठच्या वर्षांतील शिलकी अंदाजपत्रके ही जनतेवरील कर जास्त असल्याची खूण आहे, हे त्यांनी अंदाजपत्रकाच्या भाषणांतून आकड्यांनिशी सिद्ध केले होते. तिजोरीत शिल्लक असताना विद्यापीठांसाठी पैसा नाही असे म्हणणे सरकारला शक्य नव्हते. पुढे सरकारने विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या सुधारणेसाठी पाच वर्षे दरसाल पाच लाख रुपये मंजूर केले. पाच विद्यापीठे आणि संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानातील महाविद्यालये यांचा विचार करता ही रक्कम तुटपुंजीच होती, परंतु पैशाचा प्रश्न दृष्टीआड करता येत नाही हे तिने मान्य केले.

खरा संघर्ष दुसऱ्या भागाविषयी होता. अधिसभा लहान करण्यास गोखले यांचा विरोध नव्हता. अध्यापकांना तिच्यात अधिक स्थान मिळावे असे तर त्यांचे स्वतःचेच मत होते. त्यांचा आक्षेप असा, की विधेयकाने सुमारे चार पंचमांश जागा कुलपतींच्या, म्हणजे पर्यायाने सरकारच्या, नियुक्तीने भरण्याचे ठरविले होते आणि निवडणुकीसाठी केवळ एक पंचमांश जागा ठेवल्या होत्या. शिवाय फेलोची मुदत तहहयात न राहता पाच वर्षांची होणार होती. दर पाच वर्षांनी आपली फेरनियुक्ती व्हावी की नाही, हे ज्याच्या हाती आहे त्याच्याविरुद्ध मत देण्याचे धैर्य किती फेलो दाखवतील, हा त्यांचा प्रश्न होता. या दोन तरतुदी एकत्र घेतल्या म्हणजे विद्यापीठ हे सरकारचे एक खाते बनते आणि भारतीय सभासद त्यात कायमचे अल्पसंख्य ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तज्ज्ञांच्या हाती सत्ता द्यावयाची म्हणून जे सांगितले जाते, त्याचा व्यवहारातील अर्थ संकुचित दृष्टीच्या युरोपीय अधिकाऱ्यांची व प्राध्यापकांची सत्ता एवढाच होतो, असे त्यांनी परखडपणे बजावले. एरवीच्या त्यांच्या भाषेच्या मानाने हे शब्द कठोर होते.

तिसरा भाग महाविद्यालयांच्या संलग्नतेचा. नियमित तपासणी, व्यवस्थापन मंडळाची रचना, अध्यापकांची पात्रता, इमारती, वसतिगृहे व आर्थिक स्थिती यांविषयीच्या अटी पुऱ्या केल्याशिवाय संलग्नता मिळणार नव्हती. आणि संलग्नता देण्याचा किंवा काढून घेण्याचा अंतिम निर्णय सरकारकडे राहणार होता. अशा अटींना एरवी कोणी हरकत घेतली नसती. मात्र तपासणी करणारे सिंडिकेट शिक्षण संचालकांच्या वर्चस्वाखाली गेले, तर भारतीयांनी चालविलेली महाविद्यालये त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतील, ही भीती गोखले यांच्या बोलण्यात होती आणि ती फर्ग्युसनमधील अनुभवातून आलेली होती. त्या वेळी महाविद्यालयाचे प्राचार्यपद रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे नुकतेच आले होते.

या चर्चेतच गोखले यांनी पाश्चात्त्य शिक्षणाविषयीची आपली भूमिका स्पष्ट केली. उच्च शिक्षणाचा दर्जा उथळ आहे, पदवीधर केवळ पाठांतर करतात, म्हणून संख्या कमी झाली तरी चालेल, या सरकारी युक्तिवादाला त्यांनी दिलेले उत्तर पुढे वारंवार उद्धृत होत राहिले. त्यांच्या मते देशाच्या तत्कालीन अवस्थेत या शिक्षणाचे सर्वांत मोठे कार्य विद्वत्ता वाढविणे हे नसून जुन्या रूढींच्या बंधनातून मन मुक्त करणे हे होते. म्हणून उत्कृष्ट शिक्षणच नव्हे, तर मध्यम प्रतीचे शिक्षणही मोलाचे ठरते. या विचारात रानडे यांचा शिष्य स्पष्ट दिसतो. तरीही फुले यांच्या १८८२ च्या तक्रारीला हे उत्तर पुरे पडत नव्हते. कारण मुक्त होणारी ही मने समाजाच्या एका लहान थरातीलच होती. गोखले यांना याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १९११ मध्ये त्यासंबंधीचे विधेयक आणले. तेही १९१२ मध्ये फेटाळले गेले.

प्रवर समिती आणि भांडारकर : प्रवर समितीत गोखले यांच्याबरोबर कलकत्त्याचे आशुतोष मुखर्जी होते. दोघांचेही समितीतील बहुमताशी पटले नाही. मद्रास येथे १९०३ च्या डिसेंबरात भरलेल्या काँग्रेसने विधेयकाचा निषेध केला होता आणि पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांतून त्यावर टीका होत होती. मात्र सर्व भारतीय मत एका बाजूस होते, असे समजणे चुकीचे ठरेल. कर्झन यांनी कायदेमंडळावर नियुक्त केलेले डॉ. भांडारकर हे स्वतः पुण्याचे, संस्कृत विद्येतील जगन्मान्य संशोधक आणि मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. विधेयकाचा मुख्य रोख त्यांना मान्य होता. विद्यापीठ हे प्रथम विद्येचे स्थान असावे आणि त्याचा कारभार विद्येशी संबंध असलेल्यांनी पाहावा, ही त्यांची आयुष्यभराची धारणा होती. गोखले यांच्या दृष्टीने विद्यापीठ हे त्याबरोबरच लोकजीवनाचेही एक अंग होते. एकाच नगरातील, एकाच सुधारक परंपरेतील दोन अध्यापक कायदेमंडळात परस्परविरुद्ध बाजूंनी बोलले, हे दृश्य सरकारला सोयीचे होते. परंतु भांडारकरांचे मत सरकारच्या सोयीसाठी बनलेले नव्हते. विद्वत्तेची कसोटी आणि लोकनियंत्रण यांतील ताण हा या वादाचा गाभा होता, आणि तो दोघांनीही प्रामाणिकपणे मांडला.

११ मार्च १९०४ रोजी सरकारने शैक्षणिक धोरणाविषयीचा आपला सुप्रसिद्ध ठराव प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत विधेयकाची कलमवार चर्चा झाली. गोखले व मुखर्जी यांनी एकामागून एक उपसूचना मांडल्या आणि त्या एकामागून एक अमान्य झाल्या. २१ मार्च रोजी शेवटच्या भाषणात गोखले यांनी विधेयकाच्या परिणामांची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि विधेयक संमत झाले.

प्रमुख तरतुदी : कलकत्ता, मुंबई व मद्रास विद्यापीठांच्या अधिसभांची संख्या किमान ५० व कमाल १००, तर पंजाब व अलाहाबाद यांची ४० ते ७५ ठरविण्यात आली. पहिल्या तीन विद्यापीठांत २० व इतर दोहोंत १५ फेलो निवडून यावयाचे होते. जुन्या तीन विद्यापीठांतील २० पैकी १० नोंदणीकृत पदवीधरांनी व १० विद्याशाखांनी निवडावयाचे, बाकीचे कुलपतींनी नेमावयाचे, अशी विभागणी होती. मुदत पाच वर्षांची झाली. सिंडिकेटला प्रथमच कायदेशीर मान्यता मिळाली व त्यात अध्यापकांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद झाली. शिक्षण संचालक त्याचे पदसिद्ध सदस्य झाले. विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याचा व अध्यापनाचा अधिकार मिळाला. विद्यापीठाने केलेल्या नियमांना मान्यता देताना त्यांत भर घालण्याची व फेरफार करण्याची मुभा सरकारला देण्यात आली आणि मुदतीत नियम न झाल्यास ते सरकारने स्वतः करावेत असे ठरले. प्रत्येक विद्यापीठाचे प्रादेशिक क्षेत्र ठरविण्याचा अधिकार गव्हर्नर जनरल यांच्याकडे गेला.

वैधीकरण अधिनियम, १९०५ : नव्या कायद्यान्वये विद्यापीठांच्या मंडळांची घटना करताना काढलेल्या आदेशांच्या वैधतेविषयी लगेचच शंका उपस्थित झाली व मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. तेव्हा ते आदेश पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरविणारे विधेयक सरकारने फेब्रुवारी १९०५ मध्ये आणले. विद्यापीठांच्या कारभारातील ढिलाई दूर करण्यासाठी केलेल्या कायद्याची अंमलबजावणीच सदोष निघावी आणि न्यायालयाचा निर्णय होण्यापूर्वी ती कायद्याने झाकावी लागावी, ही सरकारची नामुष्की होती. गोखले यांनी याही विधेयकाला विरोध केला. तेही संमत झाले. कायद्याच्या मूळ आशयाशी या प्रकरणाचा संबंध थोडा. परंतु मुंबईतील फेलोंनी अधिसभेतील पराभवानंतर न्यायालयाचा मार्ग चोखाळला, यावरून विरोधाची धार कळते.

परिणाम : अधिनियमाचे परिणाम गोखले यांनी वर्तविल्याप्रमाणे पूर्णपणे झाले नाहीत, आणि कर्झन यांनी अपेक्षिल्याप्रमाणेही झाले नाहीत. पदवीधरांची व विद्यार्थ्यांची संख्या वाढतच राहिली. फर्ग्युसनसारखी महाविद्यालये टिकली व विस्तारली. कडक अटींमुळे त्यांची ग्रंथालये व प्रयोगशाळा सुधारल्या, हेही नाकारता येत नाही. विद्यापीठीय अध्यापनाची तरतूद कागदावरच राहील हे भाकीत मुंबईपुरते बराच काळ खरे ठरले. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग निघाला तो १९१९ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. कलकत्त्यात मात्र वेगळे घडले. विधेयकाचे विरोधक आशुतोष मुखर्जी हेच १९०६ मध्ये कुलगुरू झाले आणि त्यांनी त्याच तरतुदीचा आधार घेऊन, तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्या देणग्यांच्या बळावर, विज्ञान महाविद्यालय व पदव्युत्तर विभाग उभारले. कायद्याने दिलेला अधिकार आणि लोकांनी दिलेला पैसा यांचा हा संयोग होता. मुंबईत तो त्या काळी जुळून आला नाही.

नियंत्रणाच्या बाबतीत मात्र गोखले यांचे निदान अचूक ठरले. मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) आपल्या अहवालात, या अधिनियमामुळे भारतीय विद्यापीठे जगातील अत्यंत सरकारी स्वरूपाच्या विद्यापीठांत गणली जातील अशी झाली आहेत, या आशयाचा अभिप्राय दिला. विशेष म्हणजे आशुतोष मुखर्जी या आयोगाचे सदस्य होते.

या सरकारीकरणाची दुसरी प्रतिक्रिया अधिनियमाच्या कक्षेबाहेर संस्था काढण्यात दिसून येते. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये काढलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगाव येथे आले. पुण्याहून चिंचवड व थेरगावच्या परिसरातून पुढे गेले म्हणजे मावळाच्या तोंडाशी हे गाव लागते. सरकारने १९१० मध्ये हे विद्यालय बंद पाडले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले, तेही सरकारी सनदेवाचून. त्यास कायद्याची मान्यता मिळण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. टिळकांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. शिक्षणाचे माध्यम, अभ्यासक्रम व ध्येय या बाबतींत या तिन्ही संस्थांत फार अंतर होते. सरकारच्या नियुक्त अधिसभेशी संबंध नसणे हा त्यांच्यातील समान धागा होय.

१९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण हे प्रांतिक मंत्र्यांकडे आले. मुंबई प्रांतात ते खाते प्रथम परांजपे यांच्याकडे होते (१९२१–२३). चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या (१९२४–२५) विचारानंतर १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठाचा नवा अधिनियम झाला आणि अधिसभेतील निर्वाचित प्रतिनिधींचे प्रमाण वाढले. १९०४ मध्ये गोखले यांनी मागितले त्याहून ते पुढचे होते. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, या मागणीचा विचार करण्यासाठी १९४२ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचे फलित म्हणजे १९४८ च्या अधिनियमाने अस्तित्वात आलेले पुणे विद्यापीठ. जयकर हेच त्याचे पहिले कुलगुरू. परांजपे यांनीही पुढे तेथे कुलगुरुपद भूषविले (१९५६–५९). २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत पुणे शहराबरोबरच थेरगाव, पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयेही येतात. या पट्ट्यात कारखान्यांच्या वाढीबरोबर निघालेल्या अभियांत्रिकी व व्यवस्थापन संस्थांनाही संलग्नतेची तपासणी व अध्यापकांच्या पात्रतेच्या अटी लागू आहेत.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर विद्यापीठांसाठी १९७४ मध्ये नवे अधिनियम झाले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने राज्यातील अनेक विद्यापीठे एका कायद्याखाली आली आणि त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने घेतली. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अंमलात आहे. निवडणूक व नियुक्ती यांचे प्रमाण काय असावे, यावर प्रत्येक वेळी वाद झाले. नोंदणीकृत पदवीधरांनी अधिसभेवर निवडून द्यावयाच्या प्रतिनिधींची संख्या २०१६ च्या अधिनियमातही १० आहे.